कॅनडातली फूड बँक चालते कशी, आणि तिच्या दारात आपल्या मुलांवरून भांडण का झालं?

एप्रिल २०२४ मध्ये एक व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरत होता. कॅनडात राहणारा भारतीय वंशाचा एक तरुण त्यात सांगत होता, की मी किराण्यावर पैसे घालवतच नाही. कॉलेजांतल्या आणि चर्चमधल्या फूड बँकांतून भाजी, फळं, पाव, डबाबंद वस्तू आणतो, महिन्याला काहीशे डॉलर वाचतात. आणलेलं सामानही त्याने मांडून दाखवलं. त्यावर कॅनडातल्या लोकांनी त्याला झोडपलं, भारतातल्या लोकांनी त्याहून जास्त. गरिबाच्या तोंडचा घास पळवला, देशाचं नाव घालवलं, वगैरे.

त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या एका फूड बँकेने परदेशी विद्यार्थ्यांना सामान देणं बंद केलं होतं. पुढे २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोठ्या फूड बँकेनेही पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना नकार देण्याचा नियम केला.

आपल्याकडे या बातम्या वाचून दोन प्रकारचे लोक बुचकळ्यात पडले. एक, ज्यांनी घर तारण ठेवून पोराला तिकडे पाठवलंय: एवढे पैसे भरून मुलगा धर्मादाय रांगेत का उभा राहतोय? दुसरे, बाकी सगळे: इतक्या श्रीमंत देशात धान्याची रांग असतेच कशाला? प्रश्न दोन्ही रास्त आहेत. पण उत्तराकडे जाण्याआधी फूड बँक नावाचा प्रकार चालतो कसा ते समजून घ्यावं लागेल. माझं मत आधीच सांगून टाकते. हे भांडण विद्यार्थ्यांच्या हावरेपणाचं फार थोडं आणि फूड बँकेच्या घडणीचं जास्त आहे. जिथे मिळणाऱ्या अन्नावर कुणाचाच हक्क नसतो, तिथे माल कमी पडला की कुणाला परत पाठवायचं हे दारातल्या माणसाला ठरवावं लागतं.

फूड बँक म्हणजे नेमकं काय

कमी उत्पन्नाच्या लोकांना घरी नेऊन शिजवण्यासाठी वाणसामान मोफत देणारी संस्था म्हणजे फूड बँक. शिजवलेलं जेवण बसवून वाढणारी ठिकाणं तिकडे वेगळी असतात, त्यांना सूप किचन म्हणतात. गुरुद्वारातला लंगर त्या जातीचा. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली सुरू केलेली रोटी बँकही तशीच, कारण लग्नकार्यात उरलेला भात काही तासांच्या आत पोटात जायला हवा. फूड बँकेचा माल मुख्यतः कोरडा आणि डबाबंद, आठवडेच्या आठवडे टिकणारा. त्यामुळे तिला गोदाम लागतं आणि हिशेबही लागतो.

मोठ्या शहरांत ही रचना दोन पायऱ्यांची असते. वर एक मोठं गोदाम, जिथे माल जमा होतो. खाली वस्तीवस्तीतली छोटी वाटपकेंद्रं, चर्चच्या तळघरात, सामाजिक केंद्राच्या खोलीत, एखाद्या शाळेच्या जुन्या वर्गात. बोलताना लोक दोन्हींना फूड बँकच म्हणतात. गोदामात पगारी माणसं असतात, पण खालच्या बहुतेक केंद्रांचा गाडा स्वयंसेवकांवर चालतो. हे सरकारी खातं नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्था, देणगीवर जगणारी.

सुरुवात झाली ती तात्पुरती म्हणून

ही कल्पना अमेरिकेतली. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या जेवणघरात स्वयंसेवक होते. तिथे त्यांना एक आई भेटली. घरात दहा मुलं, आणि सुपरमार्केटच्या मागच्या कचराकुंड्यांत टाकलेलं चांगलं अन्न वेचून ती त्यांना जगवत होती. टाकून देण्यापेक्षा हे सगळं एका जागी जमा का करत नाहीत, म्हणजे ज्याला हवं तो तिथून नेईल, असं तिनेच सुचवलं. त्यातून १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. जगातली पहिली.

कॅनडात पहिली फूड बँक निघाली एडमंटनमध्ये, १९८१ साली. मंदीचे दिवस होते, तेलाच्या धंद्यावर जगणारी शहरं गडगडली होती, लोकांच्या नोकऱ्या चालल्या होत्या. मग व्हँकुव्हरची, आणि १९८३ मध्ये टोरांटोची डेली ब्रेड. सुरू करणाऱ्यांना वाटत होतं की मंदी ओसरेल आणि आपण कुलूप लावून घरी जाऊ. त्या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली.

आपल्याकडच्या दुष्काळी भागातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. पाण्याचा टँकर गावात पहिल्यांदा येतो तेव्हा तो एका उन्हाळ्यापुरता असतो. मग दरवर्षी येतो. मग त्याचं वेळापत्रक लागतं, पाळ्या ठरतात, कुणाच्या दारात आधी यावरून भांडणं होतात, आणि नळयोजनेचं नाव निघायचं थांबतं. टँकर वाईट म्हणून नव्हे. त्या दिवशी तहान तोच भागवतो. फूड बँकेचं नेमकं हेच झालंय.

एका डब्याचा प्रवास

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लोक सामान देतात, हे वाटतात, त्यात काय एवढं? आत शिरल्यावर कळतं की कामाचा डोंगर मधल्या टप्प्यात आहे.

माल चार वाटांनी येतो. सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या पेट्यांत ग्राहक टाकतात तो. कंपन्या आणि घाऊक व्यापाऱ्यांचा न खपलेला, छपाई चुकलेला, खोका फाटलेला तो. शेतकऱ्यांकडचा, म्हणजे आकाराने वेडावाकडा म्हणून दुकानाने नाकारलेला बटाटा किंवा गाजर. आणि चौथा, अलीकडे वाढत चाललेला, संस्थेने रोख पैसे मोजून विकत घेतलेला.

पेट्यांत आलेला माल लांबलचक टेबलांवर ओतला जातो आणि स्वयंसेवक तो निवडायला बसतात. गहू निवडावेत तसंच, फक्त खड्यांच्या जागी इथे तारखा. उघडलेलं पाकीट बाद. फुगलेला डबा बाद. शिवणीवर चेपलेला डबा बाद, कारण तिथून हवा आत गेलेली असू शकते. पोटावर थोडासा चेपलेला चालतो. लेबल नसलेलं काहीही बाद, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला आत काय आहे ते कळायलाच हवं.

तारखांबद्दल एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण ‘मुदत संपलेलं अन्न गरिबांच्या माथी मारतात’ असा आरोप नेहमी होतो. कॅनडात बहुतेक पाकिटांवर असते ती ‘बेस्ट बिफोर’ तारीख. न उघडलेला माल या तारखेपर्यंत चवीला आणि पोताला उत्तम राहील, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर तो विषारी होत नाही. खरी मुदत, म्हणजे जिच्यानंतर विकायचंच नाही ती, मोजक्या पदार्थांवर असते. तान्ह्या बाळांचं पावडरचं दूध त्यातलं एक. फूड बँका बाळाच्या डब्याबाबत कडक असतात आणि पास्त्याबाबत सैल, त्यामागे हे कारण. चांगल्या मनाने दिलेल्या अन्नापायी दात्यावर खटला होऊ नये म्हणून, टोरांटो ज्यात येतं त्या ऑन्टारिओ प्रांताने १९९४ मध्ये अन्नदानाचा वेगळा कायदाच केला. तो नसता तर सुपरमार्केटांनी माल कुंडीत टाकणंच पसंत केलं असतं. अर्थात त्या कायद्याची ढाल खराब माल जाणूनबुजून खपवणाऱ्याला मिळत नाही.

निवडलेला माल प्रकारानुसार खोक्यांत जातो, वजन होतं, नोंद होते, आणि वाटपकेंद्रांच्या मागणीप्रमाणे गाड्या भरतात. तिथे येणाऱ्याची पहिल्या वेळी नोंदणी होते: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घरात माणसं किती, काही ठिकाणी उत्पन्न. प्रत्येक केंद्राचा कायदा वेगळा. कुठे आठवड्याला एकदा जाता येतं, कुठे महिन्याला एकदा. कुठे आधीच बांधून ठेवलेलं खोकं हातात देतात, कुठे दुकानासारखी फळ्यांवर मांडणी असते आणि माणूस आपल्या वाट्याच्या मर्यादेत निवडून घेतो.

खोकं की फळी, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. बांधलेल्या खोक्यात ट्यूना माशाचा डबा, बीन्स, पास्ता, टोमॅटो सॉस, पीनट बटर, मक्याचे पोहे असा सगळा तिकडच्या जिभेचा ऐवज. पक्क्या शाकाहारी घरात ट्यूना तसाच पडून राहतो, डुकराचं मांस न खाणाऱ्याकडे त्याचा डबा. निवडू दिलं की माणूस काबुली चणे, तांदूळ, कांदे-बटाटे उचलतो आणि बाकीचं दुसऱ्यासाठी राहतं. वाया कमी जातं, आणि घेणाऱ्याची मानही थोडी कमी खाली जाते. मात्र त्याला जागा जास्त लागते आणि माणसं जास्त लागतात, जी नेमकी कमी असतात.

ही माणसं कोण? बरीचशी निवृत्त मंडळी. कचेऱ्यांतून एका दिवसापुरते आलेले गट. शाळकरी मुलं, कारण ऑन्टारिओत बारावीचं प्रमाणपत्र मिळवायला चाळीस तास समाजसेवा करावी लागते. पूर्वी स्वतः रांगेत उभे राहिलेले लोकही असतात, आणि नवख्या माणसाचा दारातला संकोच तेच सगळ्यात आधी ओळखतात. अडचण अशी, की मंगळवारी सकाळी दहाला गाडी उतरवायला लागणारे हात सुट्टीच्या दिवशी फोटोसाठी येणाऱ्या हातांपेक्षा फार कमी असतात. मालाचंही तेच. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला आणि नाताळाला पेट्या ओसंडून वाहतात. उन्हाळ्यात दाते सुट्टीवर जातात आणि भूक मात्र जागेवरच असते.

जाता जाता: डबा देण्यापेक्षा पैसे द्या, असं फूड बँका कळवळून सांगतात. तुम्ही दुकानातून किरकोळ भावाने डबा घेता, संस्था तेवढ्याच पैशांत घाऊक भावाने कितीतरी जास्त घेते, शिवाय दूध आणि अंडी घेऊ शकते, जी पेटीत टाकता येत नाहीत. तरी लोकांना डबाच द्यायला आवडतो. डबा हातात धरता येतो.

श्रीमंत देशात रांग कसली?

कॅनडातल्या फूड बँकांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी मार्च महिन्यातल्या भेटी मोजते. २०१९ च्या मार्चमध्ये सुमारे १०.८ लाख भेटी झाल्या. २०२४ च्या मार्चमध्ये २० लाखांवर, २०२५ मध्ये साधारण २१.६ लाख. सहा वर्षांत दुप्पट. या भेटी आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस महिन्यात दोनदा आला तर दोन धरल्या जातात. तरीही चार कोटींच्या देशात हा आकडा लहान नाही. साधारण तिसरा हिस्सा मुलांचा आहे. एकट्या टोरांटोत एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात जवळपास ३५ लाख भेटी झाल्या. २०२४ च्या शेवटी आधी मिसिसागा आणि मग टोरांटो या शहरांनी अन्न असुरक्षिततेची आणीबाणीच जाहीर केली.

अन्न असुरक्षितता हा या लेखातला एकच जड शब्द, तो एकदा उलगडून ठेवते. पैशांअभावी घरात पुरेसं किंवा बरं अन्न आणता न येणं, किंवा येईल की नाही याची धास्ती असणं, म्हणजे अन्न असुरक्षितता. महिनाअखेरीस फळं बंद होतात, मग आई एक वेळ जेवत नाही, मग मुलांच्याही ताटातलं कमी होतं, अशा तिच्या पायऱ्या आहेत. कॅनडाच्या दहा प्रांतांत ताज्या सर्वेक्षणांनुसार जवळजवळ चारातला एक माणूस अशा कुठल्या तरी पायरीवरच्या घरात राहतो.

दुकानं मालाने भरलेली असताना असं का होतं? कारण अडचण धान्याची नाहीच, भाड्याची आहे. २०२३ च्या अखेरीस टोरांटोत एका बेडरूमच्या घराचं सरासरी भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरच्या आसपास होतं. बेकार, एकट्या माणसाला ऑन्टारिओ सरकार महिन्याला जी मदत देतं ती २०१८ पासून ७३३ डॉलरवर थिजलेली आहे. आता या दोन आकड्यांची वजाबाकी करून बघा. भाडं थकलं तर घर जातं, विजेचं बिल थकलं तर अंधार होतो. घरखर्चात हात आखडता घेता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे किराणा. त्यामुळे भाडेवाढीची कळ ताटात उमटते.

‘नोकरी आहे ना? मग?’

फूड बँकेत येणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचं मुख्य उत्पन्न पगाराचं आहे. म्हणजे बेकारीवर उतारा म्हणून निघालेल्या संस्थेच्या दारात आता कामावरून परतणारे लोक येतात. तासांवर काम, कधी वीस तास मिळतात कधी बारा. भाडं मात्र दर महिन्याला तेवढंच. काही केंद्रं संध्याकाळी उघडी राहू लागली, कारण दिवसा येणं या लोकांना जमत नाही.

आता आपल्या मुलांकडे वळू

शिक्षणासाठी कॅनडात जायचं तर राहण्याखाण्यापुरते पैसे आहेत हे आधी दाखवावं लागतं. बरेच भारतीय विद्यार्थी ते तिकडच्या बँकेत एका खास मुदतठेवीत भरतात, जीआयसी म्हणतात ती. मुलगा तिथे पोहोचला की सुरुवातीला काही रक्कम आणि मग दर महिन्याला हप्ता असे त्याचेच पैसे त्याला परत मिळत जातात.

फार वर्षं ही रक्कम दहा हजार डॉलर होती. साल बदललं, भाडी कुठच्या कुठे गेली, आकडा तोच. दहा हजार भागिले बारा, महिन्याला ८३३ डॉलर. त्यात टोरांटोत भाडं, बस, फोन आणि जेवण. सरकारलाच शेवटी हे हास्यास्पद वाटलं आणि १ जानेवारी २०२४ पासून रक्कम २०,६३५ डॉलर झाली, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. म्हणजे आधीचा आकडा निम्म्याहून कमी होता हे त्यांनीच कबूल केलं. पण त्या आधीच्या आकड्याच्या भरवशावर हजारो मुलं येऊन बसली होती, त्यांचं काय?

ती काम करणार होती. परवानगी आठवड्याला वीस तासांची. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात ती मर्यादा उठवली होती, नंतर पुन्हा आली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून चोवीस तास झाली. २०२३ च्या शेवटी ऑन्टारिओत किमान वेतन तासाला १६.५५ डॉलर होतं. वीस तासांचे महिन्याला सुमारे १,४०० डॉलर होतात, तेही काम मिळालं तर. ब्रॅम्प्टनमध्ये एका उपाहारगृहातल्या कामासाठी शेकडो मुलं ओळीने उभी असल्याची दृश्यं आपण पाहिली आहेत. वर पदवीची फी स्थानिक मुलांच्या सरासरी पाचपटीहून जास्त. सरकारी बेकारमदत परदेशी विद्यार्थ्याला लागू नाही. घरी सांगायची सोय नाही, कारण घरी आधीच हप्ता चालू आहे.

मग तो फूड बँकेच्या दारात जातो. आणि दारातला स्वयंसेवक विचारतो, तू तर सरकारला लिहून दिलंयस ना की माझ्याकडे पुरेसे पैसे आहेत?

स्वयंसेवकाचा प्रश्नही उद्धट नाही, हे कबूल करायला हवं. व्हँकुव्हरच्या नियमामागचा तर्क हाच होता: पहिल्या वर्षापुरते वीस हजारांवर डॉलर दाखवूनच विद्यार्थी देशात येतो, तेव्हा त्या वर्षी त्याचा नंबर शेवटचा. मागे उभ्या असलेल्या दोन लेकरांच्या आईकडे ते वीस हजार कधीच नव्हते. गोदामातला माल वाढत नाही, रांग वाढते, कुणाला तरी नाही म्हणायचं आहे. मला तो नियम पटत नाही, कारण कागदावरची रक्कम पुष्कळदा उसनवारीची असते आणि सहाव्या महिन्यात ती कुठे असते ते कुणी विचारत नाही. पण तो करणाऱ्यांना दुष्ट ठरवणंही मला जमत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातलं. तिथे गुरुद्वारा दुःख निवारण साहिबने २०२० मध्ये गुरु नानक फूड बँक उघडली आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवलं. पिठाची पिशवी, डाळ, तांदूळ, म्हणजे पंजाबी मुलाला किंवा आपल्या सांगली-नांदेडच्या मुलाला खरोखर शिजवता येईल असं सामान. लंगरची परंपरा पाठीशी असल्यामुळे ‘तू पात्र आहेस का’ हा प्रश्न तिथल्या लोकांच्या तोंडी पटकन येत नाही.

‘फुकट म्हटलं की लोक गैरफायदा घेणारच’

व्हिडिओतल्या तरुणासारखे लोक असतात. गरज नसताना घेणं चूकच, आणि ते हुशारी म्हणून मिरवणं त्याहून वाईट. पण पूर्ण चित्र उलटं आहे. टोरांटो विद्यापीठातल्या व्हॅलरी टारासुक यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलंय. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं की अन्न असुरक्षित घरांपैकी बहुसंख्य घरं फूड बँकेची पायरी चढतच नाहीत. लाज, अंतर, वेळा, आणि ‘आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतल्याला मिळू दे’ ही भावना. गैरफायदा घेणारा एक दिसतो, कारण तो व्हिडिओ काढतो. न येणाऱ्या दहांचा व्हिडिओ कोण काढणार?

शिवाय तिथे जे मिळतं ते बघा. काही दिवसांचं, फार तर आठवड्याचं सामान, तेही मिळेल ते. त्यासाठी थंडीत रांग, नोंदणी, दोन बस बदलून खोकं उचलून आणणं. चैनीचा मार्ग म्हणून कुणी तो निवडावा इतका सोपा तो नाही.

‘वाया जाणारं अन्न भुकेल्याला मिळतं, यात वाईट काय?’

हा सर्वात आवडता युक्तिवाद, आणि दिसायला बिनतोड. कॅनडात पिकवलेल्या-बनवलेल्या अन्नापैकी जवळजवळ निम्मं शेत ते ताट या वाटेवर कुठेतरी वाया जातं, असं तिथल्या सेकंड हार्वेस्ट संस्थेचा अहवाल सांगतो. ते वाचवून वाटलं तर दोन्ही प्रश्न सुटले!

सुटत नाहीत, कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात काय उरेल हे गिऱ्हाइकावर ठरतं, घरात काय लागेल हे पोटावर. डोनटचे ट्रे उरतात, दूध उरत नाही. मधुमेही माणसाला गोड सिरियलची सहा खोकी देऊन काय साधलं? आणि दुकानदार सुधारला, नेमकाच माल मागवू लागला, म्हणजे वाया जाणं खरंच कमी झालं, तर फूड बँकेचा पुरवठाच आटतो. एका प्रश्नाच्या सुटण्यावर दुसरा चिघळावा अशी ही सांगड आहे. सरकारांना मात्र ती सोयीची. मंत्री नाताळात गोदामात जाऊन खोकी उचलतात, फोटो निघतात, आणि सरकारी मदतीचा ७३३ चा आकडा जागचा हलत नाही. खुद्द फूड बँकाच आता आपल्या अहवालांत लिहितात की आम्हाला डबे नकोत असं नाही, पण लोकांचं उत्पन्न वाढवा आणि घरं परवडतील अशी करा.

रेशनशी तुलना केली तर

इथे आपल्याकडच्या वाचकाला जरा अनपेक्षित गोष्ट सांगायची आहे. अन्नाच्या बाबतीत भारताकडे कागदावर जे आहे ते कॅनडाकडे नाही. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क देतो. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून मोफत. दुकानदाराने दिलं नाही तर तक्रार करता येते, आणि धान्य मिळालंच नाही तर भत्ता मागण्याची तरतूद कायद्यात आहे.

याचा अर्थ आपलं सगळं झकास, असा मुळीच नाही. अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून परत गेलेली म्हातारी माणसं आपण पाहिली आहेत. लाभार्थ्यांचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, मधल्या काळात वाढलेली माणसं हिशेबातच नाहीत. गावाकडे कार्ड आणि पोट मुंबईत, ही ओढाताण तर आहेच. तरीही रेशनच्या रांगेतली बाई ‘माझं धान्य दे’ म्हणून भांडू शकते. फूड बँकेच्या रांगेतली बाई भांडू शकत नाही. तिला ‘थँक यू’ म्हणावं लागतं. माल संपला असेल तर त्यालाही.

कॅनडात गरिबाला मदत मिळते ती मुख्यतः रोख रकमेत, आणि तत्त्व म्हणून ते चांगलंच आहे, कारण पैसा हातात असला की माणूस आपलं सामान आपण निवडतो. रक्कम पुरेशी नसली की तत्त्व कोलमडतं आणि उरलेली दरी स्वयंसेवकांनी भरून काढावी अशी अपेक्षा होते. आणखी एक नमुना: शाळेत मुलांना जेवण देण्याची राष्ट्रीय योजना कॅनडाने जाहीर केली ती २०२४ मध्ये. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी त्याच्या कितीतरी आधीपासून शिजते आहे.

तुमचं मूल तिकडे असेल, किंवा जायच्या तयारीत असेल

बहुतेक विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी स्वतःची फूड बँक असते. देशातली पहिली अल्बर्टा विद्यापीठात १९९१ मध्ये सुरू झाली. पुष्कळ ठिकाणी तिचा खर्च विद्यार्थी संघटनेच्या शुल्कातून निघतो, जे शुल्क तुमच्या मुलानेही भरलेलं असतं. त्यामुळे अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याने आधी तिथेच जावं, शहराच्या फूड बँकेत नंतर. विद्यापीठाचं ओळखपत्र साधारणपणे पुरतं. तिथे गेल्याने व्हिसावर किंवा पुढच्या कायम वास्तव्याच्या अर्जावर डाग पडतो, ही भीती मुलांमध्ये फार असते. फूड बँक ही धर्मादाय संस्था आहे, सरकारी मदत योजना नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

आणि जायच्या आधी हिशेब मांडताना जीआयसीच्या रकमेला बारा महिन्यांनी भागा. ज्या शहरात जायचं त्या शहरातल्या खोलीचं आजचं भाडं त्यातून वजा करा. एजंटने सांगितलेलं नव्हे, तिथे राहणाऱ्या दोन मुलांना विचारून काढलेलं. पहिले तीन-चार महिने काम मिळणार नाही असंच धरा. मग जो आकडा उरेल त्यात महिनाभराचं जेवण बसतं का, ते मुलाला समोर बसवून बघा.